कानोसाची पांढरी खोली

१२ फेब्रुवारी
जहाजावरून

ताई,

पार्सल मिळालं. साबण, सुया, आईने कोंबलेले दोन बनियन (एक माझ्या मापाचा, एक मी शाळेत असतानाच्या मापाचा) आणि कानोसाच्या चित्रकथेचा नवा अंक. बाकी सगळं बाजूला सारलं, डेकवर उन्हात बसलो आणि एका बैठकीत अंक संपवला. तेव्हापासून डोकं भणभणतंय. काय करून ठेवलंय तुम्ही लोकांनी हे?

आमच्या कॅप्टनसाहेबांना आणि आचाऱ्याला कानोसा कोण ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांना पार पहिल्यापासून सांगितलं. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस, पण जगात कुठेही कुणी 'वाचवा' म्हटलं की त्याला ते ऐकू येतं आणि तो हातातलं टाकून निघतो. आणि त्याचा वैरी डॉक्टर बोळा, ज्याला सगळ्या जगाच्या कानात बोळे घालायचेत. आचारी म्हणाला, "बोळा? हे नाव माझ्या सासऱ्याला शोभलं असतं." साहेबसुद्धा हसले.

मग शेवटचं पान दाखवलं आणि कुणी हसेना. बोळ्याने त्याला पांढऱ्या खोलीत कोंडलंय. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही, दार कुठे होतं तेही आता दिसत नाही. तो तोंड फाडून ओरडतोय आणि फुग्यात एक अक्षर नाही. खाली 'क्रमशः'.

रंग तू भरतेस, म्हणजे पानं तुझ्याकडे आधी येतात. एवढं सांगून टाक, तो सुटतो कसा? मी कुणाला सांगायला जाणार आहे?

आमचं ठीक आहे. जहाज अजून बंदराबाहेर नांगरावरच. मालक परागंदा, जहाजावर कोर्टाची जप्ती. ते विकलं गेलं की आम्ही सुटलो. डिझेल संपल्यामुळे जनरेटर बंद, त्यामुळे दिवे, पंखे, फोन सगळे एकदमच वारले. अधूनमधून एजंटची होडी पाणी आणि शिधा घेऊन येते, तीच पत्रं नेते.

आईला सांग, दोन्ही बनियन बसले.

तुझा,
चिमण्या

•

३ मार्च

चिमण्या,

सहा फुटी चिमणीला तो दुसरा बनियन बसला म्हणजे एकतर तू खोटं बोलतोस किंवा वाळलायस. आईने पहिलं मानलं, मी दुसरं.

पुढच्या अंकाला जरा उशीर होणार आहे. छपाईच्या अडचणी आहेत. पानं माझ्याकडे आली नाहीत, त्यामुळे तुझा लाडका कसा सुटतो ते मलाही माहीत नाही. ती पांढरी खोली रंगवताना माझाच जीव गुदमरला होता. पानामागून पान पांढरं. आमच्या टेबलावरची सगळी म्हणाली, "तुझी चैन आहे, काही भरायचंच नाही." पण नुसतं पांढरं ठेवलं की कोरा कागद दिसतो, खोली दिसत नाही. म्हणून कोपऱ्यांत किंचित निळा दिला, त्याच्या पायाखाली करडा. तेव्हा कुठे तो आत बसला. मग वाटलं, आपणच त्याला कोंडलं.

आई बरी आहे. तुझं पत्र मोठ्याने वाचून घेते आणि मग "एवढंच?" म्हणते.

साहेबांचा खोकला कसा आहे? आचाऱ्याला नमस्कार सांग.

ताई

•

२६ मार्च

ताई,

छपाईच्या अडचणी! बोळा छापखान्यातही घुसला वाटतं.

इथे त्यावरच खल चालू आहे. साहेब म्हणतात, कानोसाने भिंतीला कान लावून हवा कुठून येते ते शोधावं, हवा येते तिथे फट असणारच. आचाऱ्याचं म्हणणं, गप्प बसावं, बोळा कंटाळून आपणच दार उघडेल. मला दोन्ही पटत नाही. हवा येते म्हणून माणूस बाहेर जात नाही, आणि कोंडणारा कधी कंटाळत नाही. त्याला कुठे आत बसायचंय?

दिवसाचं म्हणशील तर गंज खरवडतो. खरवडलेल्या जागी आठवड्याभरात परत गंज. खाली इंजिन रूममध्ये आता उतरत नाही, तिथे पाणी साचलंय आणि काळोख आहे. गोल खिडकीतून बंदराचं गाव दिसतं. एका घराच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालते. लाल चादर आली की समजायचं तिच्याकडे पाहुणे आहेत.

पुढच्या पार्सलात मेणबत्त्या घाल. आणि भातात पाणी किती घालायचं ते आईला विचारून कळव. सारखा करपतो, पातेलं घासून घासून हात गेले.

अंक आला की लगेच पाठव.

चिमण्या

•

१८ एप्रिल

चिमण्या,

तांदळाच्या दुप्पट पाणी, उकळी आली की आच कमी. हे आईने सांगितलं. आता माझं ऐक.

आचारी असताना भात तू का करपवतोस?

मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. आधीच्या पत्रांत आचारी शिव्या द्यायचा, बुटांनी झुरळं मारायचा, साहेबांच्या चहात साखर जास्त पडली म्हणून भांडायचा. हल्ली तो फक्त कानोसावर बोलतो. साहेबही. आणि दोघंही तुझ्यासारखंच बोलतात.

तुला विचारायचं तर मलाही बोललं पाहिजे. छपाईच्या अडचणी वगैरे काही नाही. कंपनी बंद झाली. तुझ्या हातातला अंक छापून झाला आणि नंतर आम्हाला सांगितलं की तोच शेवटचा. टेबलं नेली, खुर्च्या नेल्या, ब्रश मी पर्समध्ये टाकून आणले. आता मी घरांच्या रंगाच्या दुकानात शेड बनवून देते. लोक कार्डावर बोट ठेवतात, मी डब्यात थेंब मोजते. काल एका गृहस्थांना बैठकीसाठी "शांत वाटेल असा पांढरा" हवा होता. मी आत जाऊन रडले.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्याकडे वाट बघायला तेवढंच होतं. आता तू सांग. जहाजावर कोण कोण आहे?

ताई

•

२० मे

ताई,

मी आहे.

पहिल्या पत्रातला सासऱ्याचा विनोद माझाच. आचारी त्याच्या आधीच घरी गेला होता. विनोद चांगला होता की नाही?

झालं ते असं. साहेबांच्या खोकल्यात रक्त यायला लागलं. एजंट कागद घेऊन आला. म्हणाला, जहाजावर कुणीतरी जबाबदार माणूस असल्याची नोंद हवी, मग साहेबांना उतरवता येईल. कागद इथल्या भाषेत होता. साहेबांच्या खालोखाल मीच, म्हणून सही केली. साहेब गेले, मग एकेक करून बाकीचे. माझी पाळी आली तेव्हा एजंट म्हणाला, "तुम्हाला कसं सोडणार? तुम्ही कोर्टाचे रखवालदार. जहाज तुमच्या ताब्यात आहे." विकलं जाईपर्यंत उतरलो तर गुन्हा. आणि या गंजक्या डब्याला गिऱ्हाईक येत नाही.

जहाज माझ्या ताब्यात आहे म्हणे. प्रत्यक्षात कोण कुणाच्या ताब्यात, ते तू ठरव.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. तिला सांग, आचारी सुट्टीवर गेलाय.

दिवस जातो. संध्याकाळ जात नाही. लोखंड थंड होताना कुरकुरतं, तेव्हा वाटतं शेजारच्या केबिनमध्ये कुणी उठलं. आधी जाऊन बघायचो. आता बघत नाही, पण "कोण?" असं विचारतो. माझा आवाज मला ओळखू येईनासा झालाय.

म्हणून सांगतो, हसू नकोस. मला त्या कानोसाचा शेवट पाहिजे. तुमचे लेखक असतीलच ना कुठेतरी? त्यांनी काही ठरवलं असेल. छापलं नाही तरी चालेल, नुसतं सांगा. तो बाहेर कसा आला ते कळलं तर मला जरा बरं वाटेल.

चिमण्या

•

१४ जून

चिमण्या,

आमच्या लेखकांना ऑफिसात सगळे बुवा म्हणायचे. पत्ता शोधून गेले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास, आणि वर बुवा लुंगीवर, स्टोव्ह उघडून वात बदलत बसलेले. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

मी म्हटलं, "बुवा, तो बाहेर कसा येतो?"

"कोण?"

"कानोसा."

"येत नाही."

"म्हणजे मरतो?"

"मरायला तरी काहीतरी घडावं लागतं." हात पुसत म्हणाले, "मला पुढचं सुचलंच नव्हतं, बाई. दर महिन्याला आधी त्याला कोंडायचं, किल्लीचं मागून बघू, असाच मी चालवला इतकी वर्षं. या खेपेला किल्ली शोधायच्या आत दुकानच बंद झालं."

"मग आता शोधा."

"कुणासाठी? कोण वाचणार?"

मी तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं. ते ऐकता ऐकता त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तर मी मुळीच लिहिणार नाही."

"का?"

"माझ्या किल्ल्या खोट्या असतात हो. कधी वीज पडायची, कधी बोळ्याला शिंक यायची. कानोसाला त्या चालायच्या. तुमच्या भावाला चालायच्या नाहीत. त्याने ती लावून बघितली आणि दार उघडलं नाही तर?"

मी म्हटलं, "तुम्ही आळशी आहात आणि भित्रे आहात." ते म्हणाले, "दोन्ही." आणि मला चहासाठी थांबायला सांगू लागले. मी थांबले नाही.

इतका संताप झाला की घरी येऊन मीच कागद घेतला. सोबत चार पानं आहेत. मला बुवांसारखं लिहिता येत नाही आणि आमच्या चित्रकारासारखी रेषही नाही, पण रंग माझे आहेत. कानोसा बाहेर येतो. बघ.

आईला मी काही बोलले नाही. पण काल तिने विचारलं, "आचाऱ्याची सुट्टी अजून संपली नाही?"

ताई

•

९ जुलै

ताई,

पानं परत पाठवतोय.

घड्याळाच्या दुकानाची शेजारीण. तिला दुकान बंद दिसतं, ती शोधत निघते, भिंतीवर हात फिरवते आणि दार सापडतं. चार पानांत. कसं सापडतं? तुला सापडायला हवं होतं म्हणून. कानोसाला ज्यांनी ज्यांनी हाक मारली त्यांतल्या एकालाही तो गायब झाल्याचं कळलं नाही, आणि शेजारणीला कळलं?

रंग चांगले आहेत. दार उघडल्यावरचा पिवळा तर फारच. तोच बघवत नाही.

मागच्या आठवड्यात मासेमारीची एक होडी अगदी जवळून गेली. बापलेक असावेत. मी कठड्यावर चढलो, होता नव्हता तो जीव गोळा करून ओरडलो, शर्ट काढून गरागरा फिरवला. त्यांनी मला बघितलं. मुलाने शर्ट काढून तसाच फिरवला. दोघं हसले, हात केला आणि गेले.

त्यांना ऐकू गेलं होतं, ताई. ऐकू जाण्यात काही खोट नव्हती.

तेव्हा कानोसाचं राहू दे. तो आहे तिथे बरा आहे. आणि काही दिवस पत्र नको. होडी येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून मी बाकी काही करत नाही, आणि गेली की मग काहीच करत नाही.

•

२४ सप्टेंबर

चिमण्या,

तू नको म्हणालास तरी मी दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. शेवटी एजंटला लिहिलं. त्याने कळवलं की होडी आली की तू वरून दोर सोडतोस, सामान ओढून घेतोस आणि एक शब्द बोलत नाहीस. दाढी छातीपर्यंत आलीय म्हणे. मला एवढं पुरे झालं. तू दोर सोडतोयस ना, मग मी लिहिणार.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. मनात म्हटलं, इतकी राबून चित्रं काढली आणि हा परत पाठवतो. नंतर दुकानात डबा ढवळत असताना तुझाच प्रश्न डोक्यात फिरायला लागला. खरंच, तिला दार कसं सापडेल? भिंतीवर हात फिरवून तर नाही. ते दार बनवलं कुणी, बंद कुणी केलं, कुठल्या कागदावर, हे तिने विचारलं पाहिजे. चार पानांत ते मावत नाही. म्हणून चित्र सोडलं आणि खलाशांच्या युनियनमध्ये गेले.

तिथला कारकून म्हणाला, "बाई, कागदावर तुमचा भाऊ कामावर आहे. अडकलाय असं कुठे लिहिलेलंच नाही."

मी म्हटलं, "मग लिहा."

"असं कसं लिहिणार? कुणीतरी सांगायला पाहिजे."

"मी सांगतेय ना!"

"तुम्ही बहीण. जहाजावरचं कुणी आहे?"

म्हणून तुझे साहेब शोधले. बरे झालेत, खोकला गेला, नातवंडांत आहेत. माझं पत्र वाचून ते थेट आपल्या दारात आले, गाडी बदलून बदलून. ते समजत होते की त्यांच्या मागोमाग तूही उतरलास. ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याची सही माझ्यासाठी होती." आई चहा गाळत होती. अशा रीतीने आईला कळलं.

तिने आकांत केला असेल असं वाटेल तुला. तिने गाळणी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आचारी जहाजावर असला की भात कुणी विचारत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू सांगायची वाट बघत होते."

साहेबांनी युनियनला जबाब दिला. युनियनने तिकडची एक वकीलबाई गाठून दिली. तिने कोर्टापुढे मांडलं की रखवालदार हवा हे ठीक, पण तो हाच माणूस का हवा? आणि वाचता न येणाऱ्या कागदावर घेतलेली सही कसली? कोर्टाने मान्य केलंय. तिथल्या कुणा माणसाला तुझ्या जागी ठेवलं की तू उतरायचंस.

माणूस कधी मिळेल ते मला माहीत नाही. जाहिरात दिलीय, अजून कुणी आलेलं नाही. तारीख मी देत नाही. यात वीज पडणार नाही, कुणाला शिंकही येणार नाही. पण हे मी रचलेलं नाही, चिमण्या. वकीलबाईंचा कागद सोबत आहे, आपल्या भाषेत करून घेतलाय. वाच.

ताई

•

१६ नोव्हेंबर
खलाशांचं विश्रामगृह

ताई,

जमिनीवरून लिहितोय. खोलीत पलंग, खुर्ची, नळ. नळाला पाणी येतं. मी तो उगाच तीनदा सोडून बघितला. चालताना पाय अजून डेकवरच्यासारखे पडतात. न्हाव्याने दाढी काढली आणि आरसा धरला, तर आत आपले म्हातारे आबा बसलेले. परवाच्या गाडीचं तिकीट आहे.

तुझा कागद आला तेव्हा मी तो वाचला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. विश्वास नव्हताच. पुढची होडी आली, कुणी नाही. त्याच्या पुढची आली, कुणी नाही. तिसऱ्या खेपेला एजंटने शिडी सोडायला सांगितली. वर आला तो पन्नाशीचा एक माणूस, हातात पत्र्याची पेटी. गोदीत हमाली करायचा, पाठ गेली म्हणून हे पत्करलं. घरी बायको आहे, मुलगी शाळेत जाते.

सगळं फिरून दाखवलं. कुठे गंज पोकळ आहे, कुठे पाय द्यायचा नाही, पावसाचं पाणी कशात धरायचं. दोन-चार शब्द त्यांची भाषा मला येते, तेवढ्यावर. स्वयंपाकघरात आलो तेव्हा त्याने विचारलं, "किती दिवस?"

खरं काय ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जहाज विकलं जाईपर्यंत."

"म्हणजे किती?"

एजंट खालून हाका मारत होता. ताई, एवढे महिने मी मनात त्या शिडीवरून किती वेळा उतरलो असेन. पळत उतरायचो, ओरडत उतरायचो. आणि आता पाय उचलेना. तो पेटीवर बसला होता आणि माझ्या खिडकीतून गावाकडे बघत होता. स्वतःचं घर शोधत असावा. मी एजंटला वर बोलावलं आणि म्हटलं, याने कशावर सही केलीय ते माझ्यासमोर याला वाचून दाखव, याच्या भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत. एजंट कुरकुरला. मी म्हटलं, तोपर्यंत मी उतरत नाही. त्याने वाचलं. त्या माणसाने सगळं ऐकलं, एक-दोनदा थांबवून विचारलं, आणि मान हलवली. त्याला आधीच ठाऊक होतं असं नाही. पण आता तरी ठाऊक होतं. तरीही तो राहिला. पोटापुढे कुणाचं चालतं?

मग मी उतरलो. होडीतून मागे बघितलं, तर तो कठड्याशी उभा होता. त्याने हात केला. मीही केला, आणि लगेच खाली घेतला. ते हसणारे बापलेक आठवले.

आता एक काम. एजंटच्या पत्त्यावर त्याला पत्र टाक. महिन्यातून एकदा तरी. पेटीत त्याने मुलीची एक वही आणलीय, तिच्यात वकीलबाईंचा पत्ता मी लिहून दिलाय, तुझाही दिलाय. त्याला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून चित्रं काढ. काहीही काढ. आपला जिना, आई, दुकानातले डबे. रंग भरून पाठव. उत्तर आलं नाही तरी थांबू नकोस. मी उत्तर देत नव्हतो तेव्हा तुझी ती दोन पत्रं उशाखाली होती.

फक्त दार उघडं काढू नकोस. अजून नाही.

आईला सांग, मी गाडीतून उतरलो की आधी भात.

तुझा,
चिमण्या